मैत्रिणीसाठी, मित्रासाठी हाताने शिवलेली गोधडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताने काहीतरी करून द्यायचं ठरलं की अनेकांना पहिल्यांदा गोधडीच आठवते, आणि मग ठरावीक शंका पुन्हापुन्हा येतात. त्या इथे एकत्र केल्या आहेत. सुरुवातीला साध्या, पुढे अडचणीच्या. सगळ्या उत्तरांमागे माझा आग्रह एकच आहे: भेट दिलेली गोधडी अंगावर आली पाहिजे, मळली पाहिजे, धुतली गेली पाहिजे. ती कपाटात पिशवीत बंद राहणार असेल, तर शिवण्याआधीच काहीतरी चुकलं आहे.

१. मला शिवणकाम फारसं येत नाही. गोधडी जमेल का?

धावदोरा येत असेल तर जमेल. ब्लाउजसारखं मापात बेतायचं नसतं, कळ्या नसतात, बाही बसवायची नसते. सुई खाली, सुई वर, एवढंच. रेघ थोडी वाकडी गेली तरी बिघडत नाही. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्या. टाके साधारण सारख्या लांबीचे हवेत, आणि सुई प्रत्येक वेळी सगळ्या थरांतून पार जायला हवी. दर दोन-तीन ओळींनी कापड उलटून मागची बाजू बघा. मागे टाका दिसत नसेल तर तो खालच्या थराला धरतच नाहीये, आणि पहिल्या धुण्यात तिथे पोकळी येईल.

२. पहिलीच वेळ आहे. किती मोठी शिवावी?

लहान. बाळासाठी साधारण सव्वा हात रुंद-लांब वगैरे अंदाजाने न जाता सरळ एक मीटर बाय एक मीटरचं दुपटं धरा. मोठ्या माणसासाठी तीन फूट बाय चार फुटांची, खुर्चीत बसून मांडीवर घेण्याजोगी गोधडी धरा. पूर्ण अंगावर घ्यायची गोधडी दुसऱ्या खेपेला करा. मुंबई-पुण्यातल्या छोट्या घरांत मोठी गोधडी ठेवायला जागा नसते, आणि लहान गोधडी सोफ्यावर पडून राहते म्हणून रोज वापरली जाते. सराव झाला तरी मित्रमंडळींना द्यायला मला लहानच आवडते.

३. एका साडीत काय-काय होतं?

पाचवारी म्हणतो ती साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत, म्हणजे ४५–४६ इंच रुंद असते. तिचे ११० सेंटिमीटरचे पाच तुकडे केले की पाच थरांचं एक दुपटं होतं, शिवाय कडा दुमडायलाही जागा उरते. ९० सेंटिमीटरचे तुकडे केले तर सहा निघतात. त्यातले चार-पाच मांडीवरच्या गोधडीला पुरतात आणि उरलेल्याच्या पट्ट्या कडेला लावता येतात.

नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं. त्यातून दुपटं काढूनही कुंचीपुरतं कापड उरतं.

पूर्ण गोधडीसाठी साडीचे लांबीत चार सारखे तुकडे करा आणि दोन-दोन तुकडे काठाला काठ लावून जोडा. साधारण साडेचार फूट बाय साडेसात फुटांचे दोन थर मिळतात. चार थरांना दोन साड्या लागतात. साड्या घरात कमी असतील तर मधले थर जुन्या चादरीचे किंवा धोतराचे चालतात. ते कुणाला दिसत नाहीत, आणि धोतर तर सुईला फार बरं असतं.

४. कापड सुती आहे की सिंथेटिक, हे कसं ओळखू?

काठाचे दोन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राखाडी राख राहते. पॉलिएस्टर वितळतं, आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं.

गोधडीला सुतीच घ्या. जॉर्जेट, शिफॉन, टेरिकॉट शिवताना सरकतं, घाम टिपत नाही आणि वापरणाऱ्याला चिकट वाटतं. रेशमी साडीची गोधडी दिसायला सुंदर होते, पण जुनं रेशीम घडीवर फाटतं आणि जरीचे धागे अंगाला बोचतात. मैत्रिणीला रेशमी हवीच असेल तर रेशीम वरच्या थराच्या मध्यभागी ठेवा आणि कडा सुती ठेवा. हनुवटीला आणि हाताला लागतात त्या कडाच.

५. जुनं कापड भेट देणं बरं दिसतं का? नवं आणू का?

गोधडीचा मऊपणा धुऊन-धुऊन मुरलेल्या कापडातून येतो. नव्या कापडात तो येईपर्यंत वर्ष जातं. म्हणून जुनं कापड ही इथे कमतरता नाही, तो साहित्याचा गुण आहे. तरी समोरच्या घरात जुन्या कपड्यांबद्दल संकोच असेल तर वरचा आणि खालचा थर नवा आणि मधले जुने, अशी वाट काढता येते.

जुनं कापड निवडताना उजेडासमोर धरा. विरळ झालेले पट्टे लगेच दिसतात. दोन्ही अंगठे जवळ ठेवून ताण द्या. चर्र आवाज आला तर तो भाग मधल्या थरातही घालू नका, कारण टाक्याच्या ओढीने तो आतल्या आत फाटतो. नवं कापड घेतलंत तर ते आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. जुने थर आटत नाहीत आणि नवा आटतो, मग सगळी गोधडी गोळा होते.

६. रंग जाईल का, हे आधी कसं कळणार?

पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून कापडावर घट्ट दाबा आणि मिनिटभर घासा. लाल, मरून, गडद निळा आणि काळा यांची परीक्षा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. फडक्यावर रंग आला तर कापड तीन-चार वेळा वेगळं धुवा आणि पुन्हा बघा. तरी येत असेल तर ते वापरू नका.

मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. सुती कापडाच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. रंगवतानाच जो धाग्यात नीट बसला नाही, तो नंतर मिठाने बसत नाही. एका लाल तुकड्यापायी पूर्ण गोधडी गुलाबी होऊन जाते, आणि हे घडतं ते मैत्रिणीच्या घरी, तिच्या हातून, तिला वाईट वाटेल अशा रीतीने.

७. दोरा आणि सुई कोणती?

सुती, जाडसर दोरा घ्या. हाताने झटकन ओढला तर तुटणार नाही असा. मशीनचा साधा दोरा दुहेरी करून घेतला तरी चालतो. नायलॉनचा दोरा मात्र नको, तो जुन्या कापडाला चाकूसारखा कापतो. सुई लांब आणि नेढं मोठं असलेली हवी. दाभणाच्या वाटेला जाऊ नका, भोकं राहतात.

एका वेळी हातभर दोराच ओवा. लांब दोरा गुंततो आणि शेवटच्या टप्प्यावर झिजून पिंजतो. मेणाच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढला की गुंता पुष्कळ कमी होतो. मधल्या बोटात अंगुस्तान घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

८. कितीही जपलं तरी मागच्या बाजूला चुण्या पडतात. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि बहुतेक वेळा दोष टाक्यात नसतो, थर अंथरण्यात असतो.

सगळे तुकडे इस्त्री करा. फरशी पुसून कोरडी करा. सगळ्यात खालचा थर उलट्या बाजूने अंथरा, हाताने मधून बाहेर सारवल्यासारखा सरळ करा आणि चारही कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. कापड ताणलेलं नको, पण ढिलंही नको. त्यावर एकेक थर घाला, प्रत्येक थर मधून बाहेर सारखा करा. शेवटचा थर सुलट्या बाजूने. मग कच्चे टाके. वीतभर अंतरावर मोठमोठे धावदोऱ्याचे टाके, आधी उभे, मग आडवे, चौकटी होतील असे. नुसत्या टाचण्यांवर भागवू नका. त्या निसटतात, आणि बाळाच्या दुपट्यात एखादी राहून गेली तर काय होईल याचा विचार करा. कच्च्या टाक्यांना वेगळ्याच रंगाचा दोरा वापरला की शेवटी उसवताना शोधावे लागत नाहीत.

पुढे शिवताना दोन पद्धती आहेत. आपल्याकडे बऱ्याच जणी कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन करत आत जातात. त्यात कापडाची ढिलाई मध्यभागी साठते आणि नवख्या हाताला तिथेच चुणी पडते. म्हणून शिकताना मध्यापासून बाहेर जा, ढिलाई कडेला निघून जाते. हात बसला की कडेकडून आत जाणारी रीत जरूर करा. तिच्यातले ते चौकोन दिसायला फार देखणे असतात.

आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोरा खेचायचा मोह आवरा. ओळ संपली की बोटाने ती उलट्या दिशेने एकदा सारखी करा आणि मगच गाठ मारा. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्या.

९. वाढदिवस तीन आठवड्यांवर आहे. होईल का?

हिशेब करून बघू. एक मीटरच्या दुपट्याला दीड सेंटिमीटर अंतरावर ओळी घातल्या तर सुमारे ६६ ओळी होतात, म्हणजे ६६ मीटर टाका. सरावाच्या हाताला एक मीटरला सात-आठ मिनिटं धरली तर आठ-नऊ तास झाले. नवखा हात असेल तर दुप्पट. वर अंथरणं, कच्चे टाके आणि कडा यांना एक-दोन दुपारी. रोज एक तास बसणार असाल तर तीन आठवड्यांत दुपटं नक्की होतं, मांडीवरची गोधडीही बहुधा होते. पूर्ण गोधडी होणार नाही. ओळींतलं अंतर तीन सेंटिमीटर केलं तर वेळ अर्धा होतो, पण गोधडीचं अंग सैल राहतं. घाईपायी अंतर वाढवण्यापेक्षा आकार लहान करा.

१०. मशीनवर शिवली तर ती हाताने केलेली म्हणायची का?

तुकडे जोडायला आणि कडेची पट्टी लावायला मशीन खुशाल वापरा. जोड मजबूत होतात. मधले धावदोरे हाताने घाला. मशीनचे टाके घट्ट असतात, त्यामुळे कापड थोडं ताठ राहतं. हाताच्या टाक्यात थरांना हलायला जागा राहते, म्हणून ती गोधडी अंगाभोवती पडते. हात दुखत असतील, संधिवात असेल तर पूर्ण मशीनवर करा आणि तसं सांगा. कापडाची निवड, रंगांची मांडणी तुमचीच आहे.

११. बाळाच्या दुपट्यात काय टाळायचं?

आरसे, मणी, टिकल्या, बटणं, झालर, लोंबते गोंडे, यांतलं काहीही नको. आतल्या बाजूला सुटे दोरे राहू देऊ नका. तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती दोरा किंवा केस गुंडाळला जाऊन बोट सुजण्याचे प्रकार खरोखर होतात. जरीचा काठ काढून टाका.

दुसरी गोष्ट भेट देताना आईला स्पष्ट सांगा. एक वर्षाखालच्या बाळाला झोपवताना अंगावर किंवा आजूबाजूला सुटी पांघरुणं, उशा ठेवू नयेत, असा अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्ससारख्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांचा सल्ला आहे, कारण ती तोंडावर येऊन श्वास अडू शकतो. मग दुपट्याचा उपयोग काय? खूप आहे. जमिनीवर अंथरून पालथं खेळवायला, मांडीवर घ्यायला, तेल लावताना खाली घालायला, आणि पुढे दोन वर्षांचं झाल्यावर पांघरायला. तुमची भेट आणि आईची काळजी यांत तिला निवड करायला लावू नका. तुम्हीच आधी सांगितलं की ती मोकळी होते.

१२. साड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. धुतल्यावर चालतील ना?

मोठ्यांच्या गोधडीला चालतील. दोन-तीन वेळा धुवा आणि कडक उन्हात सलग वाळवा. बाळासाठी मात्र मी त्या साड्या घेणार नाही. या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्याने तांबड्या रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते, आणि बाळाला ही कमतरता आहे हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं. तयार दुपटंसुद्धा या गोळ्यांसोबत ठेवू नका. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवा.

१३. दुपटं डोहाळजेवणाला द्यावं की बारशाला?

बऱ्याच घरांत बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत. मैत्रिणीला स्वतःला तसं वाटत नसलं तरी सासरच्या मंडळींना वाटत असेल. म्हणून शिवून तयार ठेवा आणि बारशाला न्या. डोहाळजेवणाला तिच्यासाठी काही करा. मांडीवरची छोटी गोधडी तिला बाळंतपणानंतर रात्री दूध पाजताना फार उपयोगी पडते. बाळाचं नाव दुपट्यावर भरायचं असेल तर कोपरा मोकळा ठेवा. बारसं झाल्यावर साखळी टाक्याने संध्याकाळभरात भरून होतं.

१४. मित्राला द्यायची आहे. साड्यांची गोधडी त्याला आवडेल का?

त्याच्या आईच्या किंवा आजीच्या साड्या असतील तर आवडेल. नाहीतर शर्ट घ्या. सुती शर्टाच्या पाठीचा भाग मोठा आणि कमी झिजलेला असतो. सात-आठ शर्टांत मांडीवरच्या गोधडीचा वरचा थर होतो, खालचे थर लुंगीचे किंवा चादरीचे. खिसा तसाच ठेवून शिवला तर छान दिसतो. लुंग्यांच्या चौकड्याही सुंदर जुळतात.

टी-शर्टचं कापड ताणतं, म्हणून त्याला मागून शिंप्याकडे मिळणारं इस्त्रीने चिकटवायचं फ्यूजिंग लावल्याशिवाय जोडू नका. जीन्स गोधडीत घालू नका. सुई जात नाही, आणि ओली झाल्यावर उचलवत नाही.

१५. आम्ही शाळेतल्या वीस जणी मिळून एकीला देणार आहोत. प्रत्येकीने तुकडा शिवून पाठवायचा आहे. कसं जमवायचं?

अशा गोधड्या सगळ्यांत जास्त रखडतात आणि झाल्या की सगळ्यांत जास्त जपल्या जातात, म्हणून नीट सांगते.

वीस तुकडे म्हणजे आडवे चार, उभे पाच. तयार चौकोन १२ इंचांचा धरला तर गोधडी चार फूट बाय पाच फूट होते. प्रत्येकीने साडेबारा इंचांचा चौकोन कापायचा, चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत जाईल. तोंडी माप सांगू नका. एकीने वर्तमानपत्राचा नमुना कापून त्यावर पट्टी ठेवून फोटो टाकावा. तरीही चार-पाच तुकडे लहान येतीलच, त्यांना बाजूने पट्टी जोडून मापात आणा.

कापड सुती आणि धुतलेलं, हा नियम सगळ्यांना सांगा. जाडी सारखी असावी. एकीने पडद्याचं आणि दुसरीने मलमलचं पाठवलं तर मलमल ओढली जाऊन फाटते. भरतकाम करणाऱ्यांनी चौकोनाच्या कडेपासून एक इंच जागा सोडावी. नावं घालायची की नाही हे आधी ठरवा. माझ्या मते प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एकाच रंगाच्या दोऱ्याने लहान अक्षरात नाव असावं. पन्नाशीनंतर शाळेतली अक्षरं ओळखू येत नाहीत.

जोडकाम आणि धावदोरा एकीनेच, किंवा एकाच गावात असलेल्या दोघीतिघींनी करावा. गोधडी कुरियरने फिरवत ठेवू नका. एखादीचा चौकोन वेळेत आला नाही तर तिच्या जागी साधा चौकोन लावा आणि नंतर तिला त्यावर भरू द्या. तिला वगळू नका.

१६. मैत्रिणीची आई गेली. तिच्या साड्यांची गोधडी करून देऊ का?

आधी विचारा. अचानक देण्याची ही भेट नाही. काहींना साड्या जशाच्या तशा हव्या असतात, काहींना वर्षश्राद्धापर्यंत कपाट उघडवत नाही. तिने स्वतः साड्या हातात दिल्या तरच घ्या. वाट बघावी लागली तर बघा.

साड्या घेताना तिच्यासोबत बसा आणि कोणती कधी नेसलेली, हे तिला बोलू द्या. कोणत्या साडीला कात्री लावायची नाही, हे तिच्याच तोंडून ठरू द्या. निदान एक साडी अखंड ठेवा. काहींना वासासाठी एक न धुतलेली साडी हवी असते, ती तशीच तिच्याकडे राहू द्या. धुतल्यावर वास परत आणता येत नाही.

रोज नेसायच्या सुती साड्या घ्या. ठेवणीतल्यांपेक्षा आई त्यांतच जास्त दिसलेली असते. पदर पूर्ण ठेवा, तुकडे करू नका. फार विरलेला भाग असेल तर वरून पातळ मलमल घालून धावदोरा घाला. खालचे नक्षीकाम दिसत राहतं आणि कापडाला आधार मिळतो. कुठे रफू केलेलं असेल तर ते लपवू नका, तो त्या हाताचाच टाका आहे. उरलेला प्रत्येक तुकडा, काठाची चिंधीसुद्धा, पिशवीत घालून परत द्या. ती टाकायची की नाही हे तिने ठरवायचं. भावंडं असतील तर कापण्यापूर्वी त्यांना कळवलंय का, हेही विचारून घ्या.

१७. गोधडीच्या चारही कोपऱ्यांना त्रिकोणी फुलं लावलेली पाहिली. तशी लावू का?

ती बहुधा सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांच्या पद्धतीची गोधडी असणार. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातले हे लोक आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गोव्यात आणले होते. कवंदीचे कोपरे कापडाची लहान त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय पुरे मानत नाहीत. मैत्रिणीसाठी करताना तशी फुलं लावायला हरकत नाही, फक्त ती कुणाकडून घेतली हे तिला सांगा. मात्र अशी गोधडी करून ‘कवंदी’ म्हणून विकू नका. ती हवी असेल तर त्या बायकांकडून विकत घेऊन भेट द्या.

१८. वेळच नाही. दुसऱ्याकडून शिवून घेतली तर ती माझी भेट राहते का?

राहते. कापड तुम्ही निवडलं, रंग तुम्ही जुळवले. गावोगावी उत्तम गोधडी शिवणाऱ्या बायका आहेत आणि त्यांना काम हवं असतं. मजुरी ठरवताना प्रश्न ९ मधला तासांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा आणि घासाघीस करू नका. देताना ‘मी शिवली’ म्हणू नका, जिने शिवली तिचं नाव सांगा.

१९. मैत्रीण परदेशात आहे. पाठवू का, की कुणाबरोबर द्यावी?

येणारंजाणारं कुणी असेल तर ते बरं, पण आधी वजन सांगा. सुती साडी साधारण अर्धा किलो धरली तर दुपट्याचं वजन तेवढंच होतं, चार थरांच्या पूर्ण गोधडीचं किलोभर. दुसऱ्याच्या बॅगेत एक किलो ही मोठी मागणी आहे.

पाठवायची झाल्यास धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट घडी घालून प्लास्टिकमध्ये बंद करा. दमट राहिली तर वाटेत बुरशी येते. कस्टमच्या कागदावर सुती, हाताने शिवलेलं पांघरूण, भेट, असं स्पष्ट लिहा आणि किंमत खरी लिहा. त्या देशाचे भेटवस्तूंचे नियम त्याच आठवड्यात तपासा, ते बदलत असतात. सोबत वेखंड, कडुनिंबाचा पाला किंवा धान्य घालू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वनस्पतींच्या वस्तूंवर कडक तपासणी असते आणि त्यापायी सगळं पार्सल अडकतं. आत कच्चा कापूस किंवा सावरीचा कापूसही नको, त्यात बिया निघू शकतात.

२०. धुवायची कशी, हे भेटीबरोबर लिहून द्यावं का?

अवश्य, आणि मोजकं. गार किंवा कोमट पाणी, सौम्य साबण, पहिल्या दोन वेळा वेगळी. दुपटं आणि मांडीवरची गोधडी मशीनमध्ये हलक्या फेऱ्यावर चालते. पूर्ण गोधडी भिजवून पायाने तुडवून धुवावी, पिळू नये. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर पसरावी. एकाच दोरीवर ओल्या वजनाने मधले टाके तुटतात. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची आपली रीत याला सोयीची आहे. पाऊस ओसरलेला असतो आणि थंडी यायची असते.

बाळाच्या दुपट्यावर हळदीचे डाग पडणारच. साबण लागला की ते लालसर होतात, घाबरायचं कारण नाही. स्वच्छ धुऊन ओलं असतानाच कडक उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो. दोन-तीन उन्हांत बराच जातो.

२१. एवढी शिवून दिली, पण ती वापरतच नाही. विचारू का?

विचारा, पण तक्रार म्हणून नाही. बहुतेक वेळा ‘खराब होईल’ या भीतीने ठेवून दिलेली असते. तेव्हा सांगा की फाटली तर मी ठिगळ लावून देईन, आणि खरंच द्या. त्यासाठी उरलेल्या कापडाचे दोन-चार तुकडे स्वतःकडे जपून ठेवा. प्रश्न १६ मधल्या गोधडीचं मात्र वेगळं, तिथे सगळं कापड परत गेलेलं असतं, तेव्हा तुकडा तिच्याकडूनच मागा. कधी ती फार गरम होते, कधी रंग त्या घरात बसत नाही. तसं असेल तर ती घेऊन दुसऱ्या मापाची, पातळ करून द्यायला हरकत नाही. दोन थर कमी केले की कोकणातल्या घामातही चालते.

२२. मैत्रीण पैसे देऊ करते आहे. घेऊ का?

भेट म्हणून दिली असेल तर घेऊ नका. तिला अवघडल्यासारखं होत असेल तर तिच्या घरातल्या जुन्या सुती साड्या किंवा धोतरं मागा, पुढच्या गोधडीच्या मधल्या थराला लागतातच. पण तीच मैत्रीण ‘माझ्या नणंदेसाठी एक करून दे’ म्हणाली तर ते काम आहे. त्याची मजुरी सुरुवातीलाच बोलून घ्या.